परिचारिकेची परीक्षा : तयारी रुग्णशय्येजवळची

बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्या वसतिगृहातील मुलींपुढे दरवर्षी उभा राहतो. अनेकींचा कल परिचर्येकडे असतो. परंतु परीक्षा कोणती, परवाना कोणता आणि तयारी कशी करावयाची, याविषयी पालकांच्या मनात बराच गोंधळ आढळतो. तो दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू.

एएनएम हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर जीएनएम तीन वर्षांचा आहे. दोन्हींसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. अमेरिकेत शिक्षण संपल्यावर परवान्यासाठी संगणकावर वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे राज्य मंडळाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ती नोंदणी हाच परवाना. म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पालकांनी स्वतः तपासावे. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल, पण त्यावर नोंदणी मिळणार नाही. मुलीची वर्षे आणि घरचा पैसा दोन्ही वाया जातील.

लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण मिळवावे लागतात. लेखी परीक्षेतील पाठांतर प्रात्यक्षिकातील उणीव भरून काढीत नाही, आणि आपल्या मुली अडखळतात त्या बहुधा इथेच. कृती ठाऊक असते, पण परीक्षकांसमोर हात थरथरतात आणि कारण विचारले की शब्द सुचत नाहीत.

यावर उपाय एकच : प्रत्येक कृती हाताने करीत असतानाच तिचे कारण तोंडाने सांगण्याचा सराव. साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद का द्यावयाचे? बोटांच्या बेचक्या व नखे घाईत सुटतात म्हणून. बालकाचे श्वास पूर्ण एक मिनिट का मोजावयाचे? त्याची लय अनियमित असते म्हणून. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक असतील, तर ते धोक्याचे लक्षण होय. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच का ठेवावयाची? उष्णतेने तिची शक्ती जाते आणि काही लशी गोठल्यानेही निकामी होतात म्हणून. औषध देण्यापूर्वी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी मोठ्याने म्हणून पडताळाव्यात. दोघींनी जोडीने बसावे. एकीने परीक्षक व्हावे, दुसरीने परिचारिका. कारण आधी मराठीत नीट समजले, की इंग्रजी संज्ञा पाठ करणे सोपे जाते. नोंदवही मात्र रोजच्या रोज लिहावी. परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलेली वही अनुभवी परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

विनयपिटकात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे; पथ्य-अपथ्य कळावे; त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी; मलमूत्र व वांती यांची किळस मानू नये; आणि रुग्णाला धम्माच्या बोलांनी धीर द्यावा. यांतील पहिले दोन गुण परीक्षेत तपासले जातात. उरलेले तीन आयुष्यभर तपासले जातात.

आपल्या शाहूपुरीशी ज्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे, त्या शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर संस्थानातील दवाखान्यांत अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना समानतेने वागवावे, असा हुकूम काढला. तसा हुकूम काढावा लागला, यावरूनच त्या काळच्या रुग्णाची स्थिती ध्यानात येते. ज्यांच्या पूर्वजांची नाडी पाहण्यासही लोक कचरत, त्यांच्या लेकी आज सर्वांची नाडी पाहतात. म्हणून त्या हाताला कौशल्य हवे आणि त्या नावापुढे रीतसर नोंदणी हवी. त्यासाठी लागणारे पुस्तक, सरावाला सोबत आणि प्रवेशाच्या वेळी योग्य सल्ला देणे, हे आपणां माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे.