करंडक हातात, गाव मनात

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का! तिथला चेंडू नारळासारखा लांबट. तो हातात धरून पळायचं, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला राहायला गेले, तेव्हा मला ही नुसती धक्काबुक्की वाटायची. पण २०१९ च्या हंगामात शेजारणींनी मला पक्की चाहती करून टाकलं.

हंगामही होताच तसा! तिथल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'एलएसयू'चा संघ. खेळणारी कॉलेजची मुलं, पण स्टेडियममध्ये माणूस मावतं लाखाच्या वर! सामन्याचा शनिवार उजाडला, की गावभर जांभळे-सोनेरी शर्ट. स्टेडियमबाहेर गाड्या लावून तिथंच स्वयंपाक मांडायचा. जांबालाया म्हणजे आपल्या मसालेभाताची मांसाहारी बहीण, आणि गंबो म्हणजे दाटसर रस्सा. ओळख असो वा नसो, कुणीतरी हातात भरलेली डिश देणारच.

या संघाचा मुख्य गडी होता जो बरो. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचून चेंडू फेकणारा. हा पोरगा मूळचा तिथला नव्हे, ओहायो राज्यातला. तिथल्या मोठ्या विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं होता, पण मुख्य जागा काही मिळाली नाही. मग २०१८ मध्ये तो एलएसयूला आला. २०१९ मध्ये मात्र त्यानं कमालच केली. त्याच्या फेकीवर संघानं ६० टचडाउन केले. तेव्हाचा तो विक्रम होता. ज्या अलाबामा संघाकडून सलग आठ वेळा हार खाल्ली होती, त्याला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असं हरवलं. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलंच नाही! १३ जानेवारी २०२० ला न्यू ऑर्लिन्समध्ये अंतिम सामन्यात क्लेमसनला ४२-२५ नं नमवलं. पंधरा सामने, पंधरा विजय.

पण मैत्रिणींनो, मला आजही आठवतं ते त्याचं भाषण. १४ डिसेंबर २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये त्याला हाइजमन करंडक मिळाला. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा मान. एलएसयूच्या खेळाडूला तो साठ वर्षांनी मिळत होता. बोलता बोलता जोचा गळा दाटून आला. तो म्हणाला, मी आग्नेय ओहायोतून आलोय. तिथं फार गरिबी आहे. शाळा सुटल्यावर उपाशी घरी जाणारी, घरीही फारसं खायला नसणारी अथेन्स परगण्यातली मुलं आहेत, त्यांच्यासाठी मी इथं उभा आहे. तुम्हीही इथवर येऊ शकता.

मी टीव्हीसमोर थक्क! अमेरिकेत, आणि उपाशी मुलं? पण हा भाग एकेकाळी कोळशाच्या खाणींचा. खाणी बंद पडत गेल्या, तशी कामंही गेली. गरीब घरच्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण मिळतं, पण रात्रीचं काय? शनिवार-रविवारचं काय? जोची आई रॉबिन मुख्याध्यापिका. अशा घरातल्या मुलाला वर्गातली भूक ठाऊक असणारच, असं मला वाटलं.

लग्नाआधी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. पोषण आहाराची खिचडी वाढली, की एक मुलगी अर्धी खायची आणि अर्धी डब्यात भरायची. धाकट्या भावासाठी. विचारलं तर म्हणायची, "बाई, मला भूकच नाही." उपाशी असल्याची लाज पोटातल्या भुकेपेक्षा मोठी असते हो! म्हणूनच जोचे शब्द मनाला भिडले. त्यानं गावाची गरिबी झाकली नाही, की मुलांना बिचारं म्हटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या भागातल्या एका तरुणानं फेसबुकवर तिथल्या अन्नपेढीसाठी मदतीची हाक दिली. ही अन्नपेढी म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणारी संस्था. बघता बघता रक्कम पाच लाख डॉलरच्या पुढे गेली! लुइझियानातून कितीतरी लोकांनी पैसे पाठवले. माझ्या शेजारणीनंही पाठवले. पोरानं आम्हाला इतकं दिलं, त्याच्या गावच्या लेकरांना आम्ही एक जेवण नाही का देणार, असं तिचं म्हणणं. २०२० मध्ये तर त्या भागातल्या भूकनिवारणासाठी जोच्या नावानं कायमचा निधीच उभा राहिला.

पुढे जो व्यावसायिक संघात गेला, तोही ओहायोतल्याच सिनसिनाटीच्या. एलएसयूचे विजय रेकॉर्ड बुकात आहेतच. पण एखादा हंगाम शेकडो मैल लांबच्या चुलीपर्यंत पोचतो, हे मी तेव्हाच पाहिलं.

आपल्याही गावची मुलं मैदानं मारतात, बोर्डात येतात. सत्काराच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार घालूच. पण त्याच वर्गात "भूकच नाही" म्हणणारं कुणी बसलंय का, तेही जरा बघू या. आणि त्याला विचारताना चारचौघांत नको, हळूच बाजूला घेऊन विचारू या.