पक्षी ओळखण्यासाठी करा गटाने शिवारफेरी

पुण्यात वेताळ टेकडी किंवा पाषाण तलाव येथे पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी पाहणारी मंडळी आपण पाहिली असतील. हा शहरी लोकांचा छंद आहे, असे आपल्याला वाटते. परंतु पक्षी ओळखण्याची खरी गरज शेतकऱ्याला आहे. पिकात पक्ष्यांचा थवा उतरला की आपण सरसकट हाकलतो. त्यात दाणे खाणारे कोण आणि अळ्या वेचणारे कोण, याचा विचार होत नाही. म्हणून गावाजवळच्या पायवाटेने गटाने पक्षी शिवारफेरी काढावी.

फेरी केव्हा व कशी काढावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. या दिवसांत परदेशातून आलेले पाहुणे पक्षीही दिसतात आणि रब्बीची पिके शेतात उभी असतात. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. या सप्ताहात पहिली फेरी काढावी.

गटात आठ-दहा जण असावेत. सूर्योदयाला निघून दोन तासांत परत यावे. दीड-दोन किलोमीटरचीच वाट निवडावी. मात्र तिच्यावर तलाव किंवा पाट, बाभळीचे बन, पडीक माळ आणि उभे पीक या सर्व जागा याव्यात. कपडे मळकट रंगाचे घालावेत. मोठ्याने बोलू नये. गटाला एक दुर्बीण पुरते. एकाने वहीत तारीख, जागा, पक्षी, संख्या आणि पक्षी काय खात होता, याची नोंद करावी.

काय पाहावे?

प्रथम चोच पाहावी. जाड, आखूड चोच बहुधा दाणे फोडणाऱ्याची असते, उदा. चिमणी, सुगरण. लांब, बारीक चोच कीटक टिपणाऱ्याची; उदा. वेडा राघू, हुदहुद. आकडीसारखी चोच शिकाऱ्याची, उदा. कापशी घार, घुबड. पोपटाची चोचही वाकडी असते, पण तो फळे व दाणे खातो, हे ध्यानात ठेवावे.

नंतर पक्षी काय करतो ते पाहावे. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल तारेवरून झेप घेऊन किडे पकडतो. गायबगळा व साळुंकी नांगरामागे फिरून हुमणी व इतर अळ्या वेचतात. चास टोळ व भुंगेरे खातो. पांढुरकी कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत उंदीर हेरते. गव्हाणी घुबडाचे मुख्य खाद्य उंदीरच आहे. त्याला अपशकुनी समजून मारणे म्हणजे आपल्याच धान्याचे नुकसान करणे होय.

फेरीचा शेतीत उपयोग

हरभऱ्यात कोतवाल, साळुंक्या दिसत असल्यास त्यांना बसायला जागा द्यावी. एकरी २० पक्षी थांबे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे करून पिकापेक्षा थोडे उंच रोवावेत. पेरणीच्या वेळी मूठभर ज्वारी मिसळली तर तिची ताटेही थांब्याचे काम करतात. त्याचबरोबर घाटे अळीची पाहणी चालू ठेवावी. एक मीटर ओळीत १ ते २ अळ्या आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत. पीक फुलोऱ्यात येताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळ्या कमी असताना जहाल औषध फवारल्यास मित्रकीटक मरतात आणि विषबाधित अळ्या खाऊन पक्षीही दगावू शकतात. पक्षी सर्व अळ्या संपवत नाहीत. पण त्यांची मदत फुकट मिळते, ती गमावू नये.

नुकसान करणाऱ्या पक्ष्यांचे काय?

पोपट, चिमण्या व हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्या दाणे भरलेल्या ज्वारीचे नुकसान करतात, हे खरे आहे. भोरड्या टोळ, नाकतोडेही खातात. म्हणून दाणे भरण्याच्या काळात राखण करावी, चकाकणाऱ्या फिती बांधाव्यात व त्यांची जागा अधूनमधून बदलावी. दाणे भरू लागताच पक्षी थांबे काढून घ्यावेत. विषारी दाणे मात्र टाकू नयेत; त्यांनी मित्रपक्षी व पाळीव कोंबड्याही मरतात. रानपक्षी पकडणे किंवा त्यांची अंडी काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिचे घरटे दिसल्यास भोवती चार काड्या रोवून तेवढी जागा नांगरताना सोडावी.

महिन्यातून एक फेरी, अशी वर्षभर नोंद ठेवावी. कोणत्या महिन्यात कोणता पक्षी कोणत्या पिकात येतो, हे वहीवरून कळेल. पुढच्या हंगामात थांबे केव्हा लावायचे आणि राखण केव्हा बसवायची, हे मग गटाला आपल्याच शिवाराच्या अनुभवावरून ठरवता येईल. शाळेतील मुलांनाही बरोबर न्यावे. त्यांची नजर तीक्ष्ण असते.