जर्सीवरचा दुसरा लोगो

मुलाच्या क्लबचं पत्र व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो. चारच ओळी. मोठ्या अकादमीबरोबरची आपली भागीदारी या हंगामापासून संपत आहे, सराव नेहमीच्या वेळेला सुरू राहील, आणि खाली सचिवांचं नाव. संध्याकाळी मैदानावर गेलो. आत सराव खरंच नेहमीसारखा चालला होता, पण कठड्याजवळ पालकांचा घोळका जमला होता. एका आईच्या हातात गेल्या महिन्यातच घेतलेली जर्सी होती. डावीकडे क्लबचा बिल्ला, उजवीकडे मोठ्या अकादमीचा. उजवीकडच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "आता ही घालायची की नाही, एवढं तरी कुणी सांगा." आणि मग हळूच, "आणि ह्याचं पुढे काय?"

'हा' म्हणजे त्यांचा बारा वर्षांचा गोलकीपर. तो आत गोलपोस्टपाशी उभा राहून दातांनी ग्लोव्ह्जचे पट्टे ओढून घट्ट करत होता.

त्या तासाभरात घोळक्यात जे ऐकलं, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. मुलांच्या फुटबॉलमधले करार, नोंदण्या आणि नियम आपल्याला कुणी नीट समजावूनच सांगत नाही. म्हणून एकेक गैरसमज घेऊन लिहितो आहे.

"मोठ्या परदेशी क्लबशी करार होता, म्हणजे मुलाला तिकडे जायची वाट होती. ती आता बंद झाली."

ही वाट मुळात नव्हतीच. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये बदली करायला फिफाच्या नियमावलीच्या १९व्या कलमाने बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, खेळाडू सोळा ते अठरा वर्षांचा असून बदली युरोपीय संघाच्या हद्दीतली असेल, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेला अगदी लागून असतील, अशा प्रकारचे. पुण्यातल्या चौदा वर्षांच्या मुलाला यातला एकही सहसा लागू पडत नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इंग्लिश क्लबांना तर युरोपातलीही अठरा वर्षांखालची मुलं घेता येत नाहीत.

हा नियम नुसता कागदावरचा नाही. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीत नियम मोडले म्हणून फिफाने २०१४ मध्ये बार्सिलोनावर नव्या खेळाडूंची खरेदी करायला बंदी घातली, आणि २०१६ मध्ये रेआल माद्रिद व आतलेतिको माद्रिदवर. इतक्या बलाढ्य क्लबांना जे माफ झालं नाही, ते आपल्या पोरासाठी कुणी करून देईल, ही आशा कुणी दाखवत असेल तर ती विकत घेऊ नका.

मग भागीदारीतून काय मिळत होतं? सरावाचा लिहिलेला अभ्यासक्रम, अधूनमधून येणारे प्रशिक्षक, आपल्या प्रशिक्षकांसाठी शिबिरं, आणि नाव. अभ्यासक्रम आणि शिबिरं मोलाची आहेत, ते मी नाकारत नाही. पण आपल्या प्रशिक्षकांनी जे आत्मसात केलं ते करार संपल्यावर त्यांच्या डोक्यातून कुणी काढून नेत नाही.

"मोठी अकादमी आपल्या क्लबला पैसे पुरवत होती."

नावाच्या भागीदारीत पैसा बहुतेक वेळा उलट दिशेने वाहतो. स्थानिक क्लब नाव, लोगो आणि अभ्यासक्रम वापरायचं शुल्क भरतो, आणि ते आपल्या फीमधून वसूल होतं. तेव्हा करार संपल्यावर पालकांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की फी आता किती कमी होणार? आमच्याकडे हा प्रश्न त्या संध्याकाळी एकानेही विचारला नाही. मीही नाही.

"करार मोडला, म्हणजे आत काहीतरी भानगड आहे."

असेलही. पण असे करार बहुतांशी ठरावीक वर्षांचेच असतात आणि मुदत संपली की संपतात. गोव्याच्या एफसी गोवाने २०२० मध्ये जर्मनीच्या आरबी लाइपझिगशी करार केला, तो सुरुवातीपासूनच तीन वर्षांचा होता. कोलकात्याचा संघ २०१४ मध्ये आतलेतिको माद्रिदबरोबर उभा राहिला, नावही आतलेतिको दी कोलकाता असं होतं. २०१७ मध्ये दोघे वेगळे झाले, नाव नुसतं एटीके राहिलं, आणि त्याच एटीकेने २०१९-२० मध्ये पुन्हा इंडियन सुपर लीग जिंकली.

कधी लहान क्लबच हिशेब करून बाहेर पडतो. आपण मुलगा सात-आठ वर्षं घडवायचा आणि तो सोळाव्या वर्षी किरकोळ मोबदल्यात मोठ्या अकादमीत जायचा, हे किती काळ परवडणार? लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने २०१६ मध्ये याच कारणाने आपली अकादमीच बंद केली. २०२१ मध्ये हा क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला आणि त्यानंतर त्याने अकादमी पुन्हा सुरू केली. वेगळं होण्यामागे भांडणच असतं असं नाही, आणि एकदा बंद झालेलं दार पुन्हा उघडत नाही असंही नाही.

"आता मुलाचं करिअर संपलं."

हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं, कारण पुण्याने हे याआधी पाहिलं आहे.

डीएसके शिवाजियन्स हा आपल्या पुण्याचा क्लब. त्याने थेट लिव्हरपूलशी हात मिळवून निवासी अकादमी काढली. देशभरातून, विशेषतः ईशान्येतून मुलं निवडून आणली. २०१५-१६ च्या हंगामात संघ आय-लीगमध्ये उतरला आणि बालेवाडीत त्याचे राष्ट्रीय पातळीचे सामने होऊ लागले. दोन हंगाम झाले. मग क्लबमागचा उद्योगसमूह आर्थिक संकटात सापडला, संघ गेला, अकादमी गेली, लिव्हरपूलचं नावही गेलं.

त्याच अकादमीत मिझोरमचा एक डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळणारा मुलगा होता, लालिआनझुआला छांगते. २०१५ मध्ये, अठराव्या वर्षी, तो भारताकडून खेळला. अकादमी बंद झाली म्हणून त्याचा खेळ थांबला नाही. दिल्ली, चेन्नई असं करत तो मुंबई सिटीत आला आणि २०२२-२३ चा देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. त्याच्या आजच्या जर्सीवर लिव्हरपूलचा बिल्ला नाही, पुण्याचाही नाही. पण त्या वयात मिळालेला सराव त्याच्यापाशी राहिला.

पुणे एफसीचीही अशीच गोष्ट. आय-लीगमध्ये दबदबा असलेला हा क्लब २०१५ मध्ये बंद झाला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद झाला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. चार वर्षांत दोनदा पाट्या बदलल्या. खेळणारी मुलं खेळत राहिली.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. एका बाबतीत पालकांची भीती खरी आहे, ती म्हणजे निवासी अकादमी. मूल वसतिगृहात राहतं, अकादमीच्या सोयीच्या शाळेत शिकतं, आणि वर्षाच्या मधेच भागीदारी तुटून अकादमी बंद झाली तर त्याचं फुटबॉल नंतर, शाळा आधी अडते. नववी-दहावीच्या मुलाला हे फार महागात पडतं. त्यामुळे निवासी प्रवेश घेताना एक गोष्ट लेखी घ्या: भागीदार बदलला किंवा गेला तरी चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत राहणं, जेवण आणि शाळा यांची जबाबदारी कुणाची? संध्याकाळी दोन तास सरावाला येऊन घरी जाणाऱ्या मुलाला हा धोका नाही.

"नोंदणी आपल्या क्लबकडे असली काय, मोठ्या अकादमीकडे असली काय, सारखंच."

सारखं अजिबात नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच, आणि त्याची झळ पालकांपेक्षा लहान क्लबांना बसते.

फुटबॉलमध्ये खेळाडू घडवणाऱ्या क्लबला पैसे मिळायची व्यवस्था आहे. पहिली म्हणजे प्रशिक्षण मोबदला. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदला गेला, किंवा तेविसाव्या वर्षापर्यंत परदेशी क्लबात गेला, की त्याला घडवणाऱ्या क्लबांना ठरावीक रक्कम मिळते. दुसरी म्हणजे एकजूट निधी. एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन बदली झाली की त्या रकमेतले ५ टक्के, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत खेळाडू ज्या ज्या क्लबांत होता त्यांच्यात वाटले जातात. बारा ते पंधरा या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, सोळा ते तेवीस या आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का.

आकड्यांत बघा. समजा आपल्या क्लबात बारा ते पंधरा ही चारही वर्षं खेळलेला मुलगा पुढे कधी तरी दहा कोटींना परदेशी क्लबाने घेतला. चार वर्षांचा मिळून एक टक्का, म्हणजे दहा लाख रुपये आपल्या क्लबाला. दहा लाखांत मैदानाचं भाडं, चेंडू, बिब्स, दोन प्रशिक्षकांचं मानधन असं किती तरी निघेल. हे पैसे योग्य क्लबापर्यंत पोहोचावेत म्हणून फिफाने २०२२ मध्ये पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाउस सुरू केलं आहे. भारतातल्या एका क्लबातून भारतातल्याच दुसऱ्या क्लबात जाणाऱ्या, इथेच घडलेल्या मुलाला मात्र फिफाचा एकजूट निधी लागू नाही. तिथे आपल्या महासंघाचे नियम चालतात.

हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: त्या त्या वर्षी मुलाची नोंदणी कुणाच्या नावावर होती. भागीदारीच्या काळात 'स्पर्धा मोठ्या अकादमीच्या नावाने खेळायच्या आहेत' म्हणून मुलांची नोंदणी तिकडे हलवली असेल, तर घडवणारे तुम्ही आणि कागदावर घडवणारे ते. वर्षानुवर्षं पहाटे येऊन चुन्याने रेषा आखणाऱ्या, शंकू लावणाऱ्या प्रशिक्षकाच्या क्लबला मग काहीच मिळत नाही. हा मला सरळ अन्याय वाटतो. आणि तो टाळणं क्लबांच्या हातात आहे: भागीदारीच्या करारात मुलांची नोंदणी कुणाकडे राहील, हे पहिल्याच पानावर लिहून घ्यायचं.

पालकांचाही याच्याशी संबंध आहे. देशातल्या खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी यंत्रणेत ऑनलाइन होते. प्रत्येक मुलाला स्वतःचा क्रमांक असतो. तो क्रमांक क्लबकडे नको, तुमच्या घरी फाइलमध्ये हवा, जन्मदाखल्याच्या शेजारी.

"क्लब सोडू देणार नाही, मुलगा बांधला गेला."

हौशी खेळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचा क्लबशी कुठलाही व्यावसायिक करार नसतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने व्यावसायिक करार केला, तरी अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून मोठा करार करता येत नाही, असं फिफाचा नियम सांगतो. क्लब बदलायचा तर रीतसर बदली करा, आणि नाहक अडवणूक झाली तर जिल्हा संघटनेकडे, मग राज्य संघटनेकडे, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, लेखी जा. पण घाईही करू नका. फिफाच्या नियमांप्रमाणे एका हंगामात खेळाडू फार तर तीन क्लबांकडे नोंदला जाऊ शकतो आणि अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळू शकतो. रागाच्या भरात दोनदा क्लब बदललेलं मूल उरलेला हंगाम बाकावर बसून काढतं.

राहिला प्रशिक्षकाचा प्रश्न. मूल कुठल्या क्लबात आहे हे बघण्याआधी त्याला शिकवतो कोण, हे बघा. त्याच्याकडे कुठलं लायसन्स आहे, तो आठवड्याला किती तास मुलांबरोबर असतो, आणि हरलेल्या सामन्यानंतर तो मुलांशी कसा बोलतो. हे तिन्ही जागेवर असेल तर लोगो गेल्याने मुलाचं काही बिघडत नाही. हे नसेल, तर लोगो होता तेव्हाही काही साधत नव्हतं.

आमच्या क्लबात येत्या रविवारी सकाळी पालकांची बैठक आहे. मी तीन कागद मागणार आहे: माझ्या मुलाच्या नोंदणीची प्रत, संपलेल्या करारात मुलांविषयी जे लिहिलं होतं ती पानं, आणि नव्या हंगामाचा फीचा हिशेब. तुमच्या क्लबातही असं पत्र आलं असेल तर हेच मागा. आणि त्या आईला मी सांगितलंय, जर्सी खुशाल घाला.