बारनिशी तुंबते तेव्हा

शहापूर वा मुरबाडच्या तहसील कचेरीत आलेला कागद प्रथम आवक बारनिशीत चढतो आणि मग ज्याच्या टेबलाचा असेल त्याच्याकडे रवाना होतो; देणाऱ्याने तिष्ठत बसू नये आणि घेणाऱ्यावर सारे काम एकदम कोसळू नये, हाच या व्यवस्थेचा हेतू. 2007 साली अवतरलेल्या रॅबिटएमक्यूसारखे मेसेज ब्रोकर संगणकांमध्ये हेच बारनिशीचे काम करतात: एक संगणक संदेश सोपवून मोकळा होतो, दुसरा तो सवडीने उचलतो आणि काम उरकल्यावर पोच देतो, ती पोच येईपर्यंत संदेश दप्तरातून खारीज होत नाही.

संदेशांची ही रांग अकल्पितपणे वाढली की नवखा व्यवस्थापक आधी माणसे, म्हणजे संदेश उचलणारे प्रोग्राम, वाढवू लागतो. परंतु मोठी संख्या म्हणजे तुंबाराच असे नव्हे. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम असा की, स्थिरावलेल्या व्यवस्थेत प्रलंबितांची सरासरी संख्या म्हणजे आवकेचा वेग गुणिले प्रत्येकाचा मुक्काम. जमिनीच्या फेरफारास हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. तेव्हा समजा, तालुक्यात रोज 20 नोंदी आल्या, तर कोणीही दिरंगाई न करता सुमारे 300 नोंदी सदैव प्रलंबित दिसतील. समृद्धी महामार्ग ज्यातून गेला त्या शहापुरात खरेदीखते वाढून रोजच्या नोंदी 30 झाल्या, तर त्याच शिस्तीत प्रलंबित नोंदी 450 होतील. आवक तेवढीच असूनही आकडा चढत राहिला, तर मात्र मुक्काम लांबला असे निश्चित समजावे.

तो कोठे लांबला, हे रॅबिटएमक्यूचे दोन रकाने सांगतात. ‘रेडी’ फुगला, तर उचलणारा बंद पडला आहे किंवा अपुरा पडतो आहे. ‘अनॅक्ड’ फुगला, तर कामे उचलली गेली, पण पोच आली नाही: कोणी एकाने मर्यादेअभावी सारा गठ्ठा आपल्यापाशी ओढला असेल, अथवा पुढचा डेटाबेस मंदावला असेल, आणि मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणनापाशी अडलेल्या नोंदी तलाठी वाढवून जशा सुटत नाहीत, तसा येथे हात वाढवण्याचा उपयोग नाही.

तिसरा प्रकार अधिक फसवा. एखादा सदोष संदेश उचलणाऱ्याला कोसळवतो, पोच न मिळाल्याने पुन्हा रांगेत परततो आणि पुढच्यालाही कोसळवतो. महसूल खात्याने विवादग्रस्त फेरफारांसाठी गाव नमुना 6-अ ही स्वतंत्र नोंदवही ठेवली. तद्वत ठरावीक प्रयत्नांनंतर असा संदेश ‘डेड लेटर’ रांगेत वळवावा, म्हणजे निर्विवाद कामे खोळंबत नाहीत.

दुर्लक्ष झाल्यास स्मृतीची मर्यादा ओलांडताच ब्रोकर पाठवणाऱ्यांनाच थोपवतो आणि संकट साऱ्या व्यवस्थेवर पसरते. म्हणून केवळ लांबीवर नव्हे, तर आवक आणि पोच यांच्या वेगांतील तफावतीवर नजर असावी. आणि घाबरून रांग रिकामी करण्याची आज्ञा तर देऊच नये, कारण त्या आज्ञेने पुसलेला संदेश म्हणजे कोणाचा तरी अर्ज असतो आणि बारनिशीतून तो गेला की त्याचा माग काढण्यास दुसरे दप्तर बहुधा नसते.