राहून गेलेली नोंद : अमेरिकेतील आरोग्य बचत खाते

आपल्या व्यापारी कुटुंबांतील पुष्कळ मुले-मुली आज नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. "रक्कम पगारातून परस्पर गेली आणि औषधोपचारावरच खर्च झाली, मग सरकारला कळवावयाचे ते काय?" असा प्रश्न त्यांच्याकडून आमच्या कानी वारंवार येतो. त्याचे उत्तर कीर्द-खतावणी जाणणाऱ्यास सहज पटेल.

२००३ सालच्या कायद्याने तिकडे 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' सुरू झाले. ज्या विम्यात आरंभीचा मोठा खर्च विमेदाराने स्वतः सोसावयाचा असतो, त्या विम्याबरोबरच ते उघडता येते. त्यातील भरणा, त्यावरील वाढ आणि उपचारासाठी केलेली उचल, या तिन्हींवर केंद्र सरकारचा आयकर नाही. मात्र त्यांचा हिशेब ८८८९ क्रमांकाच्या नमुन्यात भरून विवरणपत्रास जोडावा लागतो. पगारातून किंवा कंपनीकडून झालेला भरणा 'डब्ल्यू-२' पत्रकाच्या १२व्या रकान्यात 'डब्ल्यू' या खुणेपुढे असतो. उचल '१०९९-एसए' पत्रकात असते. ही दोन्ही पत्रके सरकारकडेही जातात.

नमुना जोडला नाही, तर सरकारच्या वहीत उचल दिसते, तिचे कारण दिसत नाही. मग ती सारी रक्कम उत्पन्न समजून कराची नोटीस येऊ शकते. उचल उपचाराव्यतिरिक्त ठरली, तर ६५ वर्षांखालील खातेदारास सामान्यतः आयकराखेरीज आणखी २० टक्के कर पडतो. म्हणजे निर्दोष व्यवहारही केवळ मौनामुळे दोषी दिसू लागतो.

उपाय सरळ आहे. '१०४०-एक्स' हे दुरुस्तीपत्र भरावे, सोबत त्या वर्षाचा ८८८९ नमुना जोडावा आणि दुरुस्तीचे कारण मोजक्या शब्दांत लिहावे. भरणा पगारातूनच झाला असेल व उचल सर्वस्वी उपचारावर गेली असेल, तर कराचा आकडा बहुधा बदलतच नाही. स्वतः वेगळा भरणा करून त्याची वजावट घेतली नसेल, तर उलट परतावा निघतो; त्यासाठी विवरण भरल्यापासून ३ वर्षे किंवा कर भरल्यापासून २ वर्षे, यांपैकी नंतरची मुदत सामान्यतः लागू होते. मर्यादेबाहेरचा भरणा मात्र खात्यात तसाच राहिला, तर त्यावर दरसाल ६ टक्के कर पडतो. तो आधी निस्तरावा. कॅलिफोर्निया व न्यू जर्सी ही राज्ये ही सवलत मानीत नाहीत; तेथील रहिवाशांनी राज्याचे विवरणही तपासावे.

दवाखान्याच्या पावत्या दुरुस्तीपत्रासोबत पाठवावयाच्या नसतात, पण जपून ठेवाव्या लागतात. राहिलेली नोंद आपण होऊन पुरी करणाऱ्यास थोडा कागद खर्चावा लागतो. नोटिशीची वाट पाहणाऱ्यास तोच खुलासा मुदतीच्या धाकाखाली करावा लागतो. आपल्या मुलांना हे अवश्य कळवावे, अशी आमची विनंती आहे.