दहा किलोच्या बाळाला पाचशेची कॅप्सूल

सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार, ही समजूत छत्तीसगडात टिकत नाही. गोंड-हलबांइतकाच तो साहू-कुर्मींच्या घरांतही आढळतो, म्हणूनच रायपुरात त्यासाठी स्वतंत्र सिकलसेल इन्स्टिट्यूट आहे. या आजारावरचे मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरिया. ते रक्तातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी विळ्यासारख्या वाकायचे प्रमाण घटते आणि वेदनेचे झटके कमी होतात.

अमेरिकेत प्रौढांसाठी ते 1998 मध्ये मंजूर झाले, मुलांसाठी मात्र 2017 उजाडले. दरम्यान 2011 मध्ये ‘बेबी हग’ चाचणीने नऊ ते अठरा महिन्यांच्या बाळांत रोज किलोमागे 20 मिलिग्रॅमचा उपयोग दाखवला होता. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये आपल्याकडच्या मुलांना किलोमागे 10 मिलिग्रॅमही गुणकारी ठरत असल्याचे मांडले. विदर्भ-छत्तीसगडच्या मुलांचा डोस इथल्याच मुलांवर तपासला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

पण दहा किलोच्या बाळाला 100 मिलिग्रॅम द्यायचे आणि हातात कॅप्सूल 500 ची. मग ती उघडून पूड 10 मिलि पाण्यात विरघळवायची, सिरिंजने 2 मिलि ओढायचे, उरलेले टाकून द्यायचे. एक रेघ चुकली की डोस चुकला. शिवाय हे औषध कॅन्सरवरही वापरतात. घरात गरोदर बाई असेल तर तिने ती पूड हाताळूच नये. आणि बाळाला औषध देणारी बहुतेक वेळा आईच असते!

तयार पातळ औषध हा सरळ उपाय, पण ते करणे सोपे नाही. युरोपात 2019 मध्ये मान्यता मिळालेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. 2024 मध्ये ॲक्युम्स या भारतीय कंपनीने खोलीच्या तापमानाला टिकणारे द्रव आणल्याचे जाहीर केले, ही मोठीच गोष्ट. तरी मे महिन्यात बस्तरमधल्या पत्र्याच्या घरातली ‘खोली’ वेगळी असते. उघडलेली बाटली तिथे किती दिवस चालते, हे तिथल्याच उन्हाळ्यात तपासायला हवे.

द्रवात औषधाखेरीज काय मिसळले आहे, तेही तितक्याच कसोशीने पाहावे लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्यातल्या मुलांचे जीव घेणाऱ्या खोकल्याच्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघाले, मुभा असते 0.1 टक्क्याची.

बाटली गावात पोचली तरी मूल वाढते तसा डोस वाढवावा लागतो, आणि पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे पाहायला वरचेवर रक्त तपासावे लागते. त्यासाठी जगदलपूरच्या बाळाला सुमारे 300 किलोमीटरवरच्या रायपूरला आणायची वेळ येऊ नये. वजनकाटा, रक्ततपासणी आणि खुणा केलेली सिरिंज, तिन्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाली पाहिजेत.