ब्रिटिश संसदेची सत्रसमाप्ती (२०१९)

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात युनायटेड किंग्डमचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणी एलिझाबेथ दुसरी यांनी ब्रिटिश संसदेच्या सत्रसमाप्तीचा आदेश दिला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची, म्हणजेच ब्रेक्झिटची, ३१ ऑक्टोबर २०१९ ही मुदत जवळ आलेली असताना संसद सुमारे पाच आठवडे बंद राहावी अशी या आदेशात तरतूद होती. या निर्णयावरून राजकीय व घटनात्मक वाद उसळला. अखेर २४ सप्टेंबर २०१९ रोजी युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने पंतप्रधानांचा सल्ला बेकायदा व सत्रसमाप्ती शून्यवत ठरवली. लिखित संविधान नसलेल्या देशात न्यायालयाने कार्यकारी सत्तेच्या एका प्राचीन अधिकाराला मर्यादा घालून दिली, हे या प्रकरणाचे वेगळेपण होय.

सत्रसमाप्ती म्हणजे काय

संसदेचे कामकाज थांबण्याचे तीन प्रकार आहेत आणि सर्वसामान्य चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. तहकुबी किंवा सुट्टी ही सभागृह स्वतः मतदानाने ठरवते. त्या काळात समित्यांच्या बैठका होऊ शकतात, लेखी प्रश्न विचारता येतात आणि प्रलंबित विधेयके कायम राहतात. विसर्जनाने संसदेची मुदतच संपते व सार्वत्रिक निवडणूक होते. सत्रसमाप्ती या दोहोंच्या मधली. तीत संसद अस्तित्वात राहते, परंतु तिचे चालू सत्र संपते. सभागृहे, समित्या, प्रश्नोत्तरे सारे थांबते आणि ब्रिटनमध्ये, काही अपवाद वगळता, अपुरी राहिलेली विधेयके रद्द होतात. भारतीय वाचकाला हा शब्द संविधानाच्या अनुच्छेद ८५ मुळे परिचित असतो. मात्र भारतात सत्रसमाप्तीमुळे विधेयक व्यपगत होत नाही, असे अनुच्छेद १०७ मध्ये स्पष्ट सांगितलेले आहे आणि दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू न देण्याचे बंधनही लिखित स्वरूपात आहे. ब्रिटनमध्ये असे बंधन घालणारे संविधानाचे कलम नाही.

ब्रिटनमध्ये सत्रसमाप्तीचा निर्णय संसद घेत नाही. तो राजसत्तेचा परमाधिकार आहे आणि संकेतानुसार राजा किंवा राणी तो पंतप्रधानांच्या सल्ल्याने वापरते. ज्या सरकारवर देखरेख ठेवणे हे संसदेचे काम, त्याच सरकारच्या हाती संसदेचे दार बंद करण्याची किल्ली असते. एरवी ही विसंगती कोणाला खटकत नाही, कारण सत्रसमाप्ती ही साधारणतः काही दिवसांची औपचारिकता असते. जुने सत्र संपते, राजाचे किंवा राणीचे अभिभाषण होते आणि नवे सत्र सुरू होते.

इतिहासात मात्र या अधिकाराचा राजकीय उपयोग झालेला आहे. पहिल्या चार्ल्सने १६२८ मध्ये संसदेची सत्रसमाप्ती केली आणि पुढच्याच वर्षी ती विसर्जित करून अकरा वर्षे तिच्याविना राज्य केले. १९४८ मध्ये ॲटली सरकारने वरिष्ठ सभागृहाचा विलंबाधिकार कमी करणारा कायदा मंजूर करून घेण्यासाठी मुद्दाम एक छोटे सत्र भरवले. ब्रिटनबाहेर कॅनडामध्ये डिसेंबर २००८ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी अविश्वास ठराव समोर उभा असताना गव्हर्नर जनरल मिशेल जॉं यांच्याकडून २६ जानेवारी २००९ पर्यंत सत्रसमाप्ती मिळवली व सरकार वाचवले.

पार्श्वभूमी

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. संघ सोडण्याची अधिकृत सूचना संसदेच्या संमतीविना देता येईल का, हा प्रश्न तेव्हाच न्यायालयात गेला होता. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी, त्यासाठी संसदेचा कायदा आवश्यक आहे, असा निर्णय दिला. त्या खटल्यातील प्रमुख याचिकाकर्त्या जीना मिलर याच पुढे सत्रसमाप्तीच्या खटल्यातही उभ्या राहिल्या.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार हाऊस ऑफ कॉमन्सने २०१९ मध्ये तीनदा फेटाळला. १५ जानेवारीचा पहिला पराभव तर २३० मतांच्या फरकाने झाला. बाहेर पडण्याची मूळ तारीख २९ मार्च होती. ती आधी १२ एप्रिल व नंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे गेली. मे यांच्या जागी २४ जुलै २०१९ रोजी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. करार होवो वा न होवो, ३१ ऑक्टोबरला संघ सोडायचाच, अशी त्यांची घोषणा होती. सभागृहातील बहुमत मात्र कराराविना बाहेर पडण्याच्या विरोधात होते. एका बाजूला सार्वमताचा कौल, दुसऱ्या बाजूला प्रतिनिधींचे बहुमत आणि मध्ये स्वतःचे भक्कम बहुमत नसलेले सरकार, अशी ही कोंडी होती. दोन्ही पक्ष लोकशाहीच्याच नावाने बोलत होते. हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढील वादाची तीव्रता समजणार नाही.

सरकार संसदेला बाजूला सारील ही शंका उन्हाळ्यातच व्यक्त होत होती. म्हणून जुलैमध्ये उत्तर आयर्लंडविषयक एका विधेयकात खासदारांनी दुरुस्ती घालून, ठरावीक कालांतराने संसदेसमोर अहवाल मांडण्याचे बंधन सरकारवर घातले. हेतू हा की शरद ऋतूत संसद बंद ठेवणे अवघड व्हावे.

आदेश आणि त्याचे पडसाद

२८ ऑगस्ट २०१९ रोजी स्कॉटलंडमधील बालमोरल येथे, राणीच्या उन्हाळी निवासस्थानी, प्रिव्ही कौन्सिलची बैठक झाली. जेकब रीस-मॉग यांच्यासह तीन सदस्य तेथे उपस्थित होते. ९ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान सत्रसमाप्ती व्हावी आणि संसद १४ ऑक्टोबरला पुन्हा भरावी असा आदेश निघाला. २०१७ पासून चाललेले सत्र असाधारण लांबले असून नव्या सरकारला आपला नवा कार्यक्रम मांडायचा आहे, असे कारण पंतप्रधानांनी दिले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पक्षांच्या वार्षिक अधिवेशनांसाठी संसद एरवीही सुमारे तीन आठवडे बंद असते, असा सरकारचा दुसरा युक्तिवाद होता. सत्र लांबले होते हे खरेच. परंतु अधिवेशनांची सुट्टी सभागृह स्वतः मतदानाने घेते आणि त्या वर्षी ती रद्द करण्याची मागणी अनेक खासदार करीत होते, ही गोष्ट या युक्तिवादात झाकली जात होती.

सभापती जॉन बर्को यांनी या कृतीवर घटनेचा अवमान म्हणून टीका केली. शहरोशहरी निदर्शने झाली आणि संसदेच्या संकेतस्थळावरील विरोधाच्या अर्जावर सतरा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. ३ सप्टेंबरला सभागृह भरताच ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी खासदारांनी कामकाजाचे नियंत्रण सरकारच्या हातून काढून घेतले. विरोधात मत देणाऱ्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढण्यात आले. त्यांत दोन माजी अर्थमंत्री आणि विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स हेही होते. यानंतर काही दिवसांतच, करार मंजूर न झाल्यास मुदतवाढ मागण्याचे बंधन पंतप्रधानांवर घालणारा कायदा संमत झाला. मजूर पक्षाचे हिलरी बेन यांच्या नावाने तो ओळखला जातो. ९ सप्टेंबरला त्यास राजसंमती मिळाली आणि त्याच रात्री उशिरा सत्रसमाप्तीचा विधी पार पडला. काही विरोधी सदस्यांनी आवाज दाबला गेल्याचे फलक हाती धरून सभागृहातच निषेध केला.

तीन न्यायालये, दोन उत्तरे

स्कॉटलंडमध्ये खासदार जोआना चेरी व सत्तरहून अधिक संसद सदस्यांनी याचिका दाखल केली होती. ४ सप्टेंबरला प्राथमिक पातळीवर ती फेटाळली गेली. ११ सप्टेंबरला मात्र कोर्ट ऑफ सेशनच्या अपील पीठाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने सत्रसमाप्ती बेकायदा ठरवली. संसदेची देखरेख टाळणे हाच तिचा खरा हेतू होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. लंडनच्या उच्च न्यायालयाने जीना मिलर यांची याचिका फेटाळताना नेमके उलट म्हटले. सत्रसमाप्ती किती काळाची असावी हा निव्वळ राजकीय प्रश्न आहे आणि तो मोजण्याचे कोणतेही न्यायिक माप उपलब्ध नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. बेलफास्ट येथील याचिकाही अयशस्वी झाली. एकाच देशात एकाच कृतीविषयी परस्परविरोधी निकाल आल्याने प्रकरण तातडीने सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सुनावणी १७ ते १९ सप्टेंबर अशी तीन दिवस चालली. जॉन्सन यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी सरकारच्या विरोधात म्हणणे मांडले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

न्यायालयाच्या अध्यक्षा लेडी हेल आणि उपाध्यक्ष लॉर्ड रीड यांनी निकाल लिहिला. पहिला प्रश्न होता, न्यायालयाला यात लक्ष घालता येते का. एखादा परमाधिकार कसा वापरला याची चिकित्सा काही बाबतींत न्यायालयाच्या कक्षेबाहेर असू शकते. परंतु तो अधिकार मुळात आहे का आणि त्याची सीमा कोठवर, हे ठरवणे न्यायालयाचेच काम आहे, असे न्यायालयाने सांगितले. त्यासाठी १६११ च्या, राजाज्ञांसंबंधीच्या प्रसिद्ध खटल्याचा आधार घेण्यात आला. कायदा देतो त्याहून अधिक परमाधिकार राजाला नाही, हे तत्त्व त्या खटल्यात मांडले गेले होते.

मग सीमा कोठे? न्यायालयाने ती दोन तत्त्वांतून काढली. संसदेचे सार्वभौमत्व हे पहिले. कार्यकारी सत्तेला हवे तितके दिवस संसद बंद ठेवता आली, तर कायदे करण्याचे संसदेचे सर्वश्रेष्ठत्व नाममात्र उरेल. दुसरे तत्त्व संसदेप्रती सरकारच्या उत्तरदायित्वाचे. यावरून कसोटी अशी ठरली की, संसदेला विधिमंडळ म्हणून व सरकारवर देखरेख ठेवणारी संस्था म्हणून असलेली आपली कार्ये करण्यास वाजवी समर्थनाविना अडथळा आणणारी किंवा प्रतिबंध करणारी सत्रसमाप्ती बेकायदा होय. सैन्य आणि खर्च यांसाठी सरकारला संसद बोलवावीच लागते, म्हणून दुरुपयोगाची भीती नको, हा बचाव न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

कसोटी लावणे त्यामानाने सोपे ठरले. उन्हाळी सुट्टी संपल्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या आठ आठवड्यांपैकी पाच आठवडे संसद बंद राहणार होती आणि तेही देशाच्या घटनात्मक व्यवस्थेत मूलभूत बदल होऊ घातला असताना. अभिभाषणाच्या तयारीला साधारणपणे चार ते सहा दिवस लागतात, ही जॉन मेजर यांची साक्ष कोणी खोडली नाही. पाच आठवडे का लागावेत याचे कारण सांगणारे पंतप्रधानांचे शपथपत्रही न्यायालयापुढे आले नाही. पंतप्रधानांच्या सल्लागारांची टिपणे आली, परंतु त्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. येथे एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. स्कॉटिश न्यायालयाने हेतूवर बोट ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने हेतूचा निवाडा टाळला आणि परिणाम व त्याचे समर्थन यांवरच निर्णय दिला. पंतप्रधानांच्या मनात काय होते, या निसरड्या वाटेवर जाण्याची त्यामुळे गरजच उरली नाही. निकाल एकमताचा होण्यास ही निवडही बरीच कारणीभूत असावी.

संसदेतील कार्यवाहीला न्यायालयात आव्हान देता येत नाही, या १६८९ च्या बिल ऑफ राइट्समधील नियमाचा सरकारने आधार घेतला होता. सत्रसमाप्ती हा संसदेचा निर्णय नसून तो बाहेरून तिच्यावर लादला जातो, म्हणून ती या अर्थाने संसदेची कार्यवाही नव्हे, असे उत्तर न्यायालयाने दिले. सल्ला बेकायदा, म्हणून आदेश बेकायदा. तो हाती घेऊन सभागृहात गेलेल्या राजप्रतिनिधींच्या हातात जणू कोरा कागद होता. संसदेची सत्रसमाप्ती झालीच नव्हती, असा घोषित परिणाम निघाला.

परिणाम

दुसऱ्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, दोन्ही सभागृहे भरली. संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कला गेलेले जॉन्सन परतले. निकालाचा आदर करू, परंतु तो चुकीचा वाटतो, अशी त्यांची भूमिका होती. सत्रसमाप्तीच्या विधीतच संसद भवनाच्या जीर्णोद्धाराच्या कायद्याला राजसंमती जाहीर झाली होती. विधीच शून्यवत ठरल्याने ती संमती ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाहीर करावी लागली. नवी सत्रसमाप्ती ८ ऑक्टोबरला झाली आणि १४ ऑक्टोबरला राणीचे अभिभाषण झाले. या वेळी संसद एका आठवड्याहून कमी काळ बंद होती.

ब्रेक्झिट मात्र या निकालाने थांबले नाही. मुदत ३१ जानेवारी २०२० पर्यंत वाढली, १२ डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० जागांचे मताधिक्य मिळाले आणि वाढीव मुदतीच्या अखेरच्या दिवशी देश युरोपीय संघातून बाहेर पडला.

निकालावर विद्वानांत मतभेद आहेत. ऑक्सफर्डचे विधिज्ञ जॉन फिनिस यांनी, संकेतांच्या आणि राजकारणाच्या क्षेत्रात न्यायालयाने अतिक्रमण केले, अशी कठोर टीका केली. सरकारवर नाराज सभागृहाला अविश्वास ठरावाचा मार्ग मोकळा होता, हा टीकाकारांचा मुद्दा वजनदार आहे. त्यावरचे उत्तर असे की, बंद सभागृहात अविश्वास ठराव मांडता येत नाही. समर्थकांच्या मते न्यायालयाने नवा अधिकार निर्माण केला नाही, तर संसदेला तिचा स्वतःचा अधिकार परत दिला.

२०२२ च्या विसर्जनविषयक कायद्याने संसदेच्या विसर्जनाचा परमाधिकार पुन्हा प्रस्थापित केला आणि त्याच्या वापराची न्यायालयीन चिकित्सा स्पष्ट शब्दांत वर्ज्य केली. या कलमामागे २०१९ च्या निकालाची सावली दिसते. सत्रसमाप्तीला मात्र ते कलम लागू नाही. तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटीच अमलात आहे.